माळ्यावरची बंदूक

दसरा उलटला आणि दिवाळी तोंडावर आली, की कोकणातल्या घराघरांतून माळे साफ करण्याची एकच धांदल उडते. वर्षभर ज्यांच्याकडे कोणी ढुंकून पाहिले नाही अशा वस्तू तेव्हा खाली येतात : मोडका पाळणा, आजोबांची छत्री, तांब्याचा बंब, वाळवीने अर्धे फस्त केलेले जुन्या कागदांचे गठ्ठे. आमच्या घरी हे काम माझी पत्नी काढते, आणि दरसाल मी तिला खालून एकच प्रश्न विचारतो, "वर बंदूक-बिंदूक नाही ना?" ती हसते. चाळीस वर्षे फौजदारी वकिली केलेल्या माणसाची ही एक थट्टा आहे, असा तिचा समज आहे. पण मी थट्टा करीत नाही. माळ्यावरच्या एका बंदुकीपायी एका सालस माणसाची सहा वर्षे कशी गेली, हे मी जवळून पाहिले आहे. आणि त्या प्रकरणात मला स्वतःलाही एकदा खाली मान घालावी लागली आहे.

ही हकीकत 1995 सालची. सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या एका वाडीत एक गृहस्थ राहत. सारी वाडी त्यांना 'आबा' म्हणे, म्हणून मीही आबाच म्हणतो. वय साठीच्या घरात, दोन-अडीच एकर भातशेती, थोडी काजूची झाडे, घरामागे पाच-सहा माड. कोर्टाची पायरी त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. त्यांच्या वडिलांजवळ एक ठासणीची बंदूक होती. रानडुकरे आणि वानरे यांनी शेत उभे खाऊ नये म्हणून शेतकऱ्यांना शेतीसंरक्षणासाठी परवाना मिळतो. तसा तो वडिलांच्या नावे रीतसर काढलेला होता आणि वेळच्या वेळी त्याचे नूतनीकरणही झालेले होते. 1984 साली वडील वारले. परवान्याची मुदतही त्याच साली संपली. बंदूक गोणपाटात गुंडाळून माळ्यावर गेली, ती तिथेच राहिली.

राहिली म्हणजे वर्षातले तीनशे चौसष्ट दिवस राहिली. उरलेल्या एका दिवशी, म्हणजे खंडेनवमीला, ती खाली येई. नांगर, कोयते, कुऱ्हाड, पहार यांच्या रांगेत तिलाही पाट मिळे, हळदकुंकू लागे, झेंडूचे फूल मिळे. दुसऱ्या दिवशी दसरा आटोपला की ती पुन्हा वर. त्या वर्षी दसऱ्याला सोने द्यायला आलेल्या एका भाऊबंदाच्या नजरेला ती पडली. त्या भाऊबंदाशी आबांचा शेताच्या बांधावरून वाद चालू होता. सोने घ्यावे आणि सोन्यासारखे राहावे, असे आपण म्हणतो. पण बांधाचा वाद सोन्याने मिटत नाही. आठ दिवसांच्या आत पोलीस दारात उभे राहिले. पंचनामा झाला, बंदूक जप्त झाली, आणि शस्त्र अधिनियमाचे कलम 3 व कलम 25 यांखाली आबांवर गुन्हा नोंदला गेला. विनापरवाना बंदूक बाळगली, तर त्या वेळी शिक्षा कमीत कमी एक वर्ष आणि जास्तीत जास्त तीन वर्षे होती. वर्षाहून कमी शिक्षा द्यायची, तर न्यायाधीशाला पुरेशी आणि खास कारणे लिहून द्यावी लागत.

जामिनावर सुटल्यावर आबा माझ्याकडे आले. खुर्चीवर बसायलाही तयार होईनात. म्हणाले, "वकीलसाहेब, डुकर मारल्यान तो माझो बापूस. मी तर तिका नुसती पुसून ठेवलंय. ह्यात माझा चुकला काय?"

त्या प्रश्नाचे उत्तर मी दोन मिनिटांत देईन असे मला वाटले होते. पुस्तक उघडले आणि ध्यानात आले, की हे उत्तर पुस्तकालाही नीट देता येत नाही.

बंदूक कोणाला म्हणावे?

या कायद्याचा इतिहास थोडा सांगितला पाहिजे. 1857 चे बंड मोडल्यावर इंग्रज सरकारने हळूहळू साऱ्या देशाची हत्यारे काढून घेतली, आणि लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत, 1878 साली, त्या धोरणाला कायद्याचे पक्के रूप दिले. गोऱ्यांना सूट आणि काळ्यांना परवाना, असा तो उघड भेद होता. म्हणूनच 1931 च्या कराची काँग्रेसने नागरिकांच्या मूलभूत हक्कांचा जो ठराव केला, त्यात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही घातलेला होता. घटना समितीत 1948 साली हरि विष्णु कामथ यांनी तो हक्क घटनेत घालावा अशी सूचना आणली, डॉ. आंबेडकरांनी ती मान्य केली नाही. देशाची त्या वेळची स्थिती पाहता त्यांचे म्हणणे मला तरी रास्त वाटते. पुढे 1959 साली नवा शस्त्र अधिनियम झाला आणि 1 ऑक्टोबर 1962 पासून तो अंमलात आला. हेतू चांगला होता : गुंडाच्या हाती हत्यार पडू नये, आणि सभ्य नागरिकाला विनाकारण जाच होऊ नये.

पण हेतू चांगला असला तरी खटला चालतो तो शब्दांवर. या कायद्याचे कलम 45 काही वस्तूंना सूट देते. जुन्या पद्धतीचे, पुराणवस्तू म्हणून मोल असलेले किंवा नादुरुस्त असलेले हत्यार जर दुरुस्तीने अथवा दुरुस्तीवाचून बंदूक म्हणून वापरता येण्याजोगे नसेल, तर त्याला हा कायदा लागू नाही. वाचताना किती सोपे वाटते! आबांची बंदूक गंजलेली होती, तिचा घोडा पडत नव्हता. मला वाटले, इथेच खटला संपला.

पोलिसांतर्फे हत्यारांची देखभाल करणारे एक अनुभवी हवालदार साक्षीला आले. प्रामाणिक माणूस. मी विचारले, "ही बंदूक आज उडेल काय?"

"नाही."

"दुरुस्त केली तर?"

"उडेल."

"दुरुस्तीला काय काय लागेल?"

"घोड्याची स्प्रिंग तुटली आहे, ती नवी लागेल. केप बसते तो तुकडा झिजला आहे, तोही बदलावा लागेल. चाप नवा लागेल. दस्ता वाळवीने पोखरला आहे."

"म्हणजे नळी तेवढी जुनी राहील?"

हवालदारांनी बंदूक हातात घेतली, उजेडाकडे धरून नळीत पाहिले आणि गंभीरपणे म्हणाले, "नळीही बदललेली बरी."

कोर्टात हशा पिकला. न्यायाधीशांनाही हसू आवरेना. पण माझा आनंद फार टिकला नाही. सरकारी वकील उठून म्हणाले, की किती दुरुस्ती लागेल हे कायदा विचारीतच नाही. दुरुस्तीने उडेल की नाही एवढेच तो विचारतो. त्यांचेही खरेच होते. स्प्रिंग बदलणे ही दुरुस्ती, आणि सगळेच बदलणे हीही दुरुस्ती. मग नवी बंदूक करणे आणि जुनी दुरुस्त करणे यांतली सीमा कोठे आहे? कलम त्यावर मुके आहे. एखादा चांगला लोहार जवळपास राहत असेल, तर भिंतीवर शोभेला लावलेली पणजोबांची बंदूकही गुन्हा ठरायची, आणि लोहार दूर असेल तर ती शोभेची वस्तू ठरायची!

ताबा म्हणजे काय?

माझा दुसरा आधार अधिक भक्कम होता. बंदूक घरात सापडली म्हणजे ती घरमालकाच्या 'ताब्यात' होती, असे होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1972 साली गुणवंतलाल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या खटल्यात सांगितले, की ताब्याला जाणीव लागते. वस्तू आपल्याजवळ आहे हे माणसाला ठाऊक पाहिजे, आणि ती अंगावर नसली तर निदान तिच्यावर त्याची सत्ता तरी पाहिजे. पुढे 1994 साली घटनापीठाने टाडासारख्या कडक कायद्यातल्या 'ताबा' या शब्दाचाही असाच अर्थ लावला. हे तत्त्व किती लोकांच्या कामी आले आहे! विमानतळावर सामानाच्या तपासणीत पिशवीच्या कोपऱ्यात एक काडतूस निघते. परवाना असलेल्या काकांची पिशवी पुतण्याने उचललेली असते. बंदूक शेकडो मैलांवर कपाटात, आणि पुतण्या पोलीस ठाण्यात. अशा कितीतरी फिर्यादी दिल्ली उच्च न्यायालयाने याच तत्त्वावर रद्द केल्या. पण त्या रद्द व्हायला महिने लागतात, आणि तोवर गेलेली नोकरी किंवा हुकलेला प्रवास कोणी परत देत नाही.

तेव्हा मी बचावाची दिशा ठरवली : बंदूक वडिलांची, माळा अंधारा, आबांना तिची माहिती नाही. इथे मी चुकलो हे आज मोकळेपणाने लिहितो. खंडेनवमीची गोष्ट मला ठाऊक होती. तरीही मी आबांना सांगितले, "कोर्टाने विचारले की म्हणायचे, मला ठाऊक नव्हते." ते काही बोलले नाहीत.

सरकारी वकिलांनी पंचनामा वाचायला घेतला. त्यात एक ओळ होती. जप्तीच्या वेळी ती मी पाहून न पाहिल्यासारखी केली होती : 'नळीवर व दस्त्यावर हळदकुंकवाचे ओले-सुके डाग.' ते चष्मा वर करून म्हणाले, "पूजा करणाऱ्याला देव कोठे ठेवला आहे हे ठाऊक नव्हते, असे आरोपीचे म्हणणे आहे काय?"

नंतर आरोपीचा जबाब झाला. न्यायाधीशांनी विचारले, "ही बंदूक तुमच्या घरात आहे हे तुम्हाला माहीत होते का?" मी आबांकडे पाहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. हात जोडून म्हणाले, "होय साहेब, माहीत होता. दरसाल खंडेनवमीक मीच तिका पुसतंय. बापाशीची आठवण म्हणून ठेवलंय."

माझा सगळा बचाव त्या एका वाक्यात कोसळला. आणि खरे सांगायचे तर त्या दिवशी घरी जाताना माझे मन हलके झाले होते. खोटे बोलून सुटण्यापेक्षा खरे बोलून अडकणे त्या माणसाने पत्करले, आणि तो मार्ग त्याला दाखवणारा मी नव्हतो.

आणखी एक विसंगती पाहा. कर्नाटकातल्या कोडगू प्रांतातले कोडवा लोकही वर्षातून एकदा बंदुकीची पूजा करतात. त्यांना इंग्रजांच्या काळापासून परवान्यातून सूट आहे आणि केंद्र सरकारने ती 2019 साली आणखी दहा वर्षांसाठी वाढवून दिली. त्यांची परंपरा मोठी आहे, सूटही रास्त असेल. पण तेच हळदकुंकू तिकडे संस्कृती ठरते आणि इकडे पुरावा, हे आबांना समजावून सांगणे मला काही जमले नाही.

किती उशीर म्हणजे उशीर?

आता मूळ प्रश्न. वडील वारले, परवाना संपला, मग आबांनी करायचे काय होते? त्याचे उत्तर कलम 21 मध्ये आहे. कोणत्याही कारणाने हत्यार जवळ बाळगणे बेकायदेशीर झाले, तर ते 'अनावश्यक विलंब न करता' पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे.

अनावश्यक विलंब! हे दोन शब्द मी किती वेळा वाचले असतील याची गणती नाही. बाराव्याच्या आत जमा करायची? वर्षश्राद्धापर्यंत चालेल? वारसाच्या नावे परवाना मिळावा म्हणून अर्ज केला आणि तो कचेरीत दोन वर्षे पडून राहिला, तर ती दोन वर्षे आवश्यक की अनावश्यक? आबांच्या अकरा वर्षांना कोणीही उशीरच म्हणेल, मीही म्हणतो. पण ज्याने तीन महिने लावले त्याचे काय? ज्या घरी कर्ता गेला त्या घरातल्या विधवेला हे कलम कोणी जाऊन सांगितले? माणूस मेल्यावर तलाठी वारस नोंदवायला सांगतो, बँक मृत्यूचा दाखला मागते. पण परवाना संपला हे ज्या कचेरीच्या वहीत लिहिलेले असते, तिथून एक पत्रही येत नाही. येतात ते अकरा वर्षांनी, आणि पंचांना घेऊन.

कायदा करणाऱ्यांना दिवस मोजता येत नाहीत असे मात्र नाही. 2019 साली या अधिनियमात दुरुस्ती झाली आणि एका परवानाधारकाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतील असे ठरले. तेव्हा जादा बंदूक जमा करायला बरोबर एक वर्षाची मुदत दिली. 13 डिसेंबर 2020 ही तारीख सगळ्यांना कळली. जिथे तारीख होती तिथे वादच उरला नाही. मग जिथे घरात मृत्यू झाला आहे, तिथेच दिवस न सांगता 'अनावश्यक विलंब' असे का म्हणावे?

याच दुरुस्तीने विनापरवाना बंदुकीची शिक्षा वाढली. आता ती कमीत कमी दोन वर्षे आणि जास्तीत जास्त पाच वर्षे आहे. गावठी कट्टे विकणाऱ्या टोळ्यांना ती कमीच म्हणा. पण शब्द मोघम ठेवायचे आणि शिक्षा मात्र वाढवीत न्यायची, यात धोका असतो. जाळ्याची भोके तशीच ठेवून दोर जाड केला, तर मोठे मासे पूर्वीसारखेच निसटतात आणि अडकलेल्या लहानाला तेवढा काच अधिक बसतो. या कायद्यात 1988 साली कलम 27 ला एक पोटकलम जोडले होते : निषिद्ध हत्याराच्या वापराने कोणी मेला, तर शिक्षा फाशीच, दुसरा पर्याय नाही. मारण्याचा हेतू होता की नव्हता, हे विचारायलाही जागा ठेवली नव्हती. ते घटनाबाह्य आहे असे सर्वोच्च न्यायालयाने 2012 साली, पंजाब राज्य विरुद्ध दलबीर सिंग या खटल्यात, ठरवले. म्हणजे चोवीस वर्षे ती फाशी पुस्तकात होती.

माझ्या लिहिण्याचा कोणी विपर्यास करू नये म्हणून सांगतो : घरोघरी बंदुका असाव्यात या मताचा मी नाही. दारूच्या नशेत चुलतभावावर झाडलेली गोळी मी पाहिली आहे. लग्नाच्या वरातीत हवेत बार काढणाऱ्यांना 2019 पासून दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, होऊ शकतात, याचा मला आनंदच आहे. बंदूक ही परवान्यानेच बाळगायची वस्तू आहे. पण परवान्याची रेघ कोठे सुरू होते आणि कोठे संपते, हे रेघ ओलांडण्याच्या आधी माणसाला दिसले पाहिजे. ओलांडल्यावर दाखवायची असेल, तर तिला रेघ कशाला म्हणायचे?

निकाल

खटला लांबत लांबत 2001 साली निकालाला आला. कबुली झालेली होती, बंदूक कोर्टात होती, आणि माझ्या हाती एकच कागद उरला होता. कलम 39 प्रमाणे, कलम 3 खालचा खटला भरण्यापूर्वी जिल्हादंडाधिकाऱ्यांची मंजुरी लागते. ती मंजुरी मी पुन्हा एकदा वाचली. छापील नमुन्यावर टंकलेखकाने लिहिले होते : 'एकनळी काडतुसाची बंदूक व जिवंत काडतुसे.' आबांकडे सापडली होती ठासणीची, आणि काडतूस तर ठासणीच्या बंदुकीला लागतच नाही! भलत्याच कोणाच्या प्रकरणातला मजकूर आबांच्या कागदावर उतरला होता. कागदपत्रे न पाहता दिलेली मंजुरी ती मंजुरीच नव्हे, असे कोर्टाने म्हटले आणि आबांना सोडले. बंदूक मात्र, परवाना नसल्यामुळे, सरकारजमा झाली.

मी आबांचे अभिनंदन केले. त्यांनी माझे पाय धरण्याचा प्रयत्न केला, मी धरू दिले नाहीत. कोर्टाच्या पायरीवर ते थोडा वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "सुटलंय ता बरा झाला. पण साहेब, माझा चुकला काय, ता अजून कोणी सांगूक नाय."

सहा वर्षे, सतरा तारखा, माझी फी, एसटीची भाडी, कापणीच्या दिवसांत बुडालेली कामे; आणि त्या एका प्रश्नाचे उत्तर निकालपत्रातही नव्हते. ती बंदूक कायद्याने बंदूक होती की नव्हती, हे न्यायाधीशांना ठरवावेच लागले नाही. किती उशीर म्हणजे अनावश्यक, याचाही उलगडा झाला नाही. एका टंकलेखकाच्या चुकीने आबा सुटले. त्या टंकलेखकाने काम चोख केले असते, तर एका सत्यवचनी माणसाला मी तुरुंगाच्या दारापर्यंत पोचवायला गेलो असतो.

माळा साफ करताना

वाचकांपैकी कोणाच्या घरी वडिलोपार्जित बंदूक असेल, तर या दिवाळीला एवढे करा. परवाना शोधा आणि त्यावरचे नाव व मुदत वाचा. नाव मृत माणसाचे असेल किंवा मुदत संपली असेल, तर 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणू नका. वकिलाला विचारा, लेखी अर्ज द्या, हत्यार जमा करा, आणि पोचपावती घेतल्याशिवाय ठाण्यातून निघू नका. आठवण म्हणून ठेवायची असेल, तर 2016 च्या नियमांत वारसाच्या नावे परवाना देण्याची तरतूद आहे. परवानाधारक हयात असतानाही, तो सत्तर वर्षांचा झाला किंवा बंदूक त्याच्याकडे पंचवीस वर्षे राहिली, की वारसाला अर्ज करता येतो. घरात म्हातारे माणूस असेल तर त्यांच्या हयातीतच हे उरका. ही गोष्ट 1984 साली आबांना कोणी सांगायला हवी होती. सांगणारा मी असू शकलो असतो. तेव्हा मी त्याच तालुक्यात वकिली करीत होतो.

निकालानंतरच्या खंडेनवमीला मी मुद्दाम आबांकडे गेलो. पाटावर नांगराचा फाळ होता, कोयते होते, कुऱ्हाड होती. मध्ये एका बंदुकीएवढी जागा मोकळी सोडलेली होती, आणि आबांनी त्या मोकळ्या जागेवरही एक झेंडूचे फूल ठेवले होते.